आठ रुपयांचा अंधार

वैजापूरच्या मोंढ्यात कांद्याचा लिलाव संपला म्हणून दिवस संपत नाही. बोली लागली, भाव चिठ्ठीवर उतरला, की ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. तिथे काटा होतो, माल खाली होतो आणि बायका निवडायला बसतात. एक नंबर वेगळा, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, जोड वेगळा, चोपडा वेगळा. सडका तर सगळ्यात आधी बाहेर. लाल कांदा भरात येतो तो दिवाळीनंतर, आणि नेमका तेव्हाच दिवस लहान झालेला असतो. सहाला सूर्य गेला की पुढचे सहा-सात तास निवड दिव्याखालीच चालते. म्हणजे वजनकाटा जसं धंद्याचं हत्यार, तसाच दिवाही. पण काटा घेताना व्यापारी दहा वेळा तपासतो आणि दिवा घेताना फक्त किंमत विचारतो.

ही गोष्ट अशाच एका शेठची. नाव सांगत नाही, कारण असा शेठ काही एकट्या वैजापुरात नाही. माणूस वाईट नव्हता. गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला दरवर्षी न मागता कांद्याच्या गोण्या पाठवायचा, कामगाराच्या घरी लग्न असलं तर आहेर चुकवायचा नाही. फक्त हातातून रुपया सुटताना त्याला त्रास व्हायचा. जुन्या पाकिटांची पाठकोरी बाजू कापून त्यावर हिशेब लिहायचा आणि पंख्याच्या बटणाला स्वतःशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही.

देशभर रस्त्यावरचे पिवळे दिवे उतरवून एलईडी लावायची केंद्राची योजना आली ती जानेवारी २०१५ मध्ये. पुढे एक कोटीच्या वर पथदिवे बदलले गेले. उतरवलेले दिवे जातात कुठे? भंगारात. तिथेच शेठला सोडियमचे सहा दिवे मिळाले, अडीचशे वॅटचे, चोकसकट आणि एका नव्या दिव्याच्या पैशात. शेठ घरी आला तो लॉटरी लागल्याच्या तोऱ्यात.

"सरकार टाकून देतंय, आपण वापरू. फुकटात उजेड," तो दिवाणजींना म्हणाला.

दिवाणजींनी किर्दीत दिव्यांची किंमत लिहिली. उजेडाची लिहायचं खातं तेव्हा वहीत नव्हतं.

हे दिवे ज्यांनी खळ्यावर पाहिलेत त्यांना त्यांची तऱ्हा ठाऊक असेल. बटण दाबलं की आधी नुसता गुलाबी मिणमिणाट, मग हळूहळू पिवळा आणि चार-पाच मिनिटांनी पूर्ण उजेड. वर चोकची अखंड गुणगुण. काचेवर धूळ, कांद्याची टरफलं आणि मेलेली पाखरं यांचा थर, त्यामुळे निम्मा उजेड वरच अडकून राहायचा. खरं तर सोडियमचा दिवा कामाला आळशी नाही. विजेच्या मानाने तो भरपूर उजेड देतो, म्हणून तर रस्त्यांवर त्याने कित्येक वर्षं राज्य केलं. त्याचा दोष वेगळाच होता आणि तो मीटरवर दिसणारा नव्हता.

तो आक्काला दिसला.

आक्का म्हणजे आठ बायकांच्या टोळीची मुकादम. पन्नाशी उलटलेली, पण हात असे चालायचे की कांदा उचलला कधी आणि टाकला कधी ते कळायचं नाही. एका मोसमात शेठचा एक ट्रक बंगळुरूला गेला आणि तिसऱ्या दिवशी तिथल्या व्यापाऱ्याचा फोन आला की गोण्यांत सडका माल निघाला. अठरा हजारांची कटती. शेठने फोन ठेवला, खळ्यावर आला आणि बायकांच्या रोजातून माणशी तीनशे रुपये कापायला सांगितले. आठांचे झाले चोवीसशे.

"निवडायचे पैसे घेता ना? मग सडका कसा गेला?"

आक्का उठून उभी राहिली. "शेठ, आमी आंधळ्या नाही. पण ह्या पिवळ्या उजेडात कांदा लाल हाय का काळा तेच दिसू राह्यलं नाही. दिसलंच नाही तर फेकायचं काय?"

"इतकी वर्षं दिसत होतं ते?"

"इतकी वर्षं दिवसा निवडत होतो. आता तुमचा माल वाढला, रात्री बसवता."

आक्काचं म्हणणं खरं होतं. सोडियमच्या उजेडात पिवळा सोडला तर बाकीचे रंग नावालाच असतात. वस्तूचा खरा रंग दाखवण्याबद्दल सूर्याला शंभर गुण दिले, तर या दिव्याला वीस-पंचवीस मिळतात; बऱ्यापैकी एलईडीला ऐंशीच्या वर. रस्त्यावर हे चालून जातं, समोर गाय आहे की खड्डा एवढंच तिथे पाहायचं असतं. कांद्यावर मात्र काळी बुरशी सुरू होते ती वरच्या सालीच्या आत, मानेजवळ, शाईचं बोट लागावं तशी. दिवसा ती लगेच नजरेत भरते. पिवळ्या दिव्याखाली लाल सालही तपकिरी दिसते आणि बुरशीही तपकिरी, सावली म्हणून हात पुढे सरकतो. तो कांदा गोणीत जातो, गोणी ट्रकमध्ये, आणि बंगळुरूला पोचेपर्यंत शेजारचे चार कांदे घेऊन सडतो.

शेठने ऐकून घेतलं, पण पैसे कापलेच.

त्याच आठवड्यात एका दिव्याचा चोक जळाला. दुरुस्तीला आला तो आयटीआय झालेला तरुण वायरमन. शिडीवरून उतरताना सहज म्हणाला, "शेठ, कितीदा चोक बदलायचा? एलईडी टाका ना."

"किती जातील?"

वायरमनने फरशीवर खडूने हिशेब मांडला. सोडियमचा दिवा अडीचशेचा म्हणतात, पण चोकसकट पावणेतीनशे वॅट ओढतो. असे सहा, म्हणजे साडेसोळाशे. शिवाय खळ्यावर आणि ऑफिसात जुन्या दहा ट्यूबलाइट, चोक धरून पन्नास वॅटची एक, म्हणजे पाचशे. एकूण साडेएकवीसशे वॅट. त्याजागी एकशेवीस वॅटचे सहा एलईडी फ्लड आणि वीस वॅटच्या दहा एलईडी ट्यूब, मिळून नऊशेवीस. फरक बाराशेतीस वॅटचा. रोज सात तास लावले तर साडेआठ युनिटच्या वर बचत. बाजाराचे महिन्याला पंचवीस दिवस धरले तर सव्वादोनशेला दहा कमी. युनिटला दहा रुपये धरा.

"महिन्याला एकवीसशे रुपये वाचतात शेठ. सगळं सामान अठरा हजारांत बसतं. नऊ महिने चालले की दिवे फुकट."

"अठरा हजार!" शेठला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

दर महिन्याला बिलातून जाणारे पैसे आपल्याला दिसत नाहीत, कारण ते मागायला कुणी दारात येत नाही. दुकानदार मात्र समोर हात पसरून उभा असतो. शेठच कशाला, सोसायटीच्या जिन्यात साधा बल्ब बदलताना पन्नास रुपयांसाठी तासभर सभा घेणारी सुशिक्षित मंडळी मी पाहिली आहेत. काचेचा तारेचा बल्ब विजेतला जेमतेम विसावा भाग उजेडाला देतो, बाकीची सगळी उष्णता करतो आणि हजार तासांत जातो, हे त्यांतल्या निम्म्यांनी तरी शाळेत शिकलेलं असतं.

पण शेठच्या डोक्यात किडा शिरला होता. बचत हा शब्द त्याने ऐकला होता आणि तो शब्द त्याला झोपू देईना. त्याने मधला मार्ग काढला. आठवडी बाजारात एका चादरीवर एलईडीचा ढीग होता. ना कंपनीचं नाव, ना खोका, ना ठप्पा. शंभर वॅट म्हणून सांगितलेला फ्लड साडेतीनशेला. शेठने सहा उचलले.

महिनाभर सगळे खूश. मग एक दिवा लुकलुकायला लागला. बायकांचं डोकं दुखू लागलं. दुसरा विझला, तिसऱ्याचा उजेड निम्म्यावर आला. दीड महिन्यात सहांपैकी चार गेले आणि सोडियम पुन्हा वर चढले.

"तुझी एलईडी बघितली," शेठ वायरमनला म्हणाला.

वायरमनने एक मेलेला दिवा तिथेच उघडून दाखवला. आत पिवळ्या टिकल्यांची पट्टी होती आणि मधोमध काही टिकल्या जळून काळ्या पडल्या होत्या. मागचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कागदाएवढा पातळ. ड्रायव्हर म्हणतात त्या छोट्या सर्किटवरचा कपॅसिटर पोटफुगी झाल्यासारखा वर आलेला.

"शेठ, एलईडी समोरून थंड असते, पण मागून तापते. ती उष्णता बाहेर काढायला मागे जाड धातू लागतो. इथे तोच वाचवलाय. दिव्याचं आयुष्य ह्या टिकलीत कमी आणि मागच्या पत्र्यात न् ड्रायव्हरमधे जास्त. बीआयएसचा नोंदणी नंबर बघा, वॅटमागे किती लुमेन ते बघा, किती वर्षांची गॅरंटी लिहून देतो ते बघा, मग घ्या."

"पिवळी टिकली पांढरा उजेड कसा देते?" आक्काने मधेच विचारलं. तिला खरंच कुतूहल होतं.

"टिकली आतून निळी असते आक्का. वरचा लेप पिवळा. निळा उजेड लेपातून येताना पांढरा होतो."

शेठला यात रस नव्हता. पण त्या निळ्या टिकलीसाठी जगाने फार वाट पाहिली आहे. लाल एलईडी १९६२ मधलीच, हिरवीही आली. निळी मात्र जमेना आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड नाही. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांनी नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ती जमवली आणि २०१४ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच जानेवारीत आपल्याकडे एलईडी बल्बांची उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एकदम कोट्यवधी बल्बांची मागणी नोंदवली आणि २०१४ मध्ये घाऊक खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. या योजनेत देशात ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले.

त्यांतला एक आक्काच्या घरी होता. योजनेच्या दिवसांत टेबल मांडून विकायला बसले होते तेव्हा घेतलेला, तिच्या पत्र्याच्या खोलीत अजून जळत होता. त्याखाली तिच्या पोरीने दहावीचा अभ्यास केला, त्याखाली ती रात्री अकराला तांदूळ निवडायची आणि खडा सुटायचा नाही. म्हणजे मजुरीवर जगणाऱ्या बाईच्या घरातला उजेड तिच्या शेठच्या खळ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. याची तिला गंमत वाटायची. बोलायची नाही, एवढंच.

जानेवारीतली ती रात्र. दोन ट्रक भरायचे होते आणि पहाटे चारला गाड्या सुटायच्या होत्या. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. नऊ वाजले, शिवारातल्या मोटारी चालू झाल्या आणि व्होल्टेज बसलं. सोडियमचे दिवे एकदा थरथरले आणि विझले. तापलेला सोडियम विझला की लगेच लागत नाही, आधी निवावा लागतो, मग पुन्हा गुलाबी, पुन्हा पिवळा. पाच मिनिटांनी लागले, दहा मिनिटांनी परत गेले. असं चारदा झालं. ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले. शेठ कुणावर ओरडावं ते न कळून सगळ्यांवरच ओरडत होता.

आक्काच्या नवऱ्याकडे डोक्याला बांधायची बॅटरी होती. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांकडे असते. साप-विंचवाच्या भीतीने घेतलेली, दोन-अडीचशेची, चार्जिंगची. त्या दिवशी त्याची बारी नव्हती, म्हणून आक्काने ती पिशवीत टाकून आणली होती. तिने ती कपाळाला बांधली आणि काम सुरू केलं. पाच-सात मिनिटं नुसता कांदे टाकल्याचा आवाज. मग ती उठली आणि दुपारी नव्हे, संध्याकाळनंतर भरलेल्या गोण्यांच्या थप्पीकडे गेली. एक गोणी ओढली आणि तोंडाची सुतळी सोडली.

"शेठ, इकडं या."

शेठ गेला. पांढऱ्या उजेडाच्या गोल ठिपक्यात वरचेच कांदे होते. आक्काने एकेक उचलून मान त्याच्याकडे केली. पहिला चांगला. दुसरा चांगला. तिसऱ्याच्या सालीखाली काळी भुकटी. तिने अंगठ्याने साल सरकवली तशी ती बोटाला लागली. पाचवा तसाच. अकरावा मऊ, दाबला तर पाणी आलं.

"हे आमीच भरलंय. एक नंबरमधे. तुमच्या दिव्याखाली."

शेठने तिच्या डोक्यावरची बॅटरी मागितली, स्वतः बांधली आणि दुसरी गोणी सोडली. मग तिसरी. फेटा बांधायच्या जागी बॅटरी बांधून उकिडवा बसलेला शेठ पाहून एरवी बायका हसल्या असत्या. त्या रात्री कुणी हसलं नाही. ऐंशी गोण्या सोडून पुन्हा निवडाव्या लागल्या. ट्रक चारऐवजी अकराला निघाले.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावणं गेलं. अठरा हजार रोख मोजून दिले, मोजताना दोनदा थुंकी लावली, पण दिले.

नवे दिवे लागले ती संध्याकाळ खळ्यावरच्या लोकांच्या लक्षात राहिली. बटण दाबलं आणि वाट न पाहता उजेड. लाल कांदा लाल, हिरवी पात हिरवी. वायरमनने सहाही दिवे ढिगाकडे तोंड करून तिरके बसवले होते, त्यामुळे आधी छताला आणि रस्त्याला जाणारा उजेड कामाच्या जागी पडत होता. रात्री मोटारींनी व्होल्टेज बसलं तरी चांगल्या ड्रायव्हरचे दिवे डगमगले नाहीत. आणखी एक सुख होतं ते कुणी मोजलं नव्हतं. जुन्या ट्यूब काचेच्या आणि आत पारा. मागच्या वर्षी गोणी लागून एक फुटली तेव्हा काचेचे तुकडे ढिगातून वेचता वेचता सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. ती धास्ती गेली.

पहिलं बिल आलं. वायरमनचा हिशेब शे-पन्नासने इकडेतिकडे, पण बरोबर. बंगळुरूचा फोन आला तो आणखी माल पाठवा म्हणून. शेठ येईल-जाईल त्याला दिवे दाखवू लागला, जणू निळी टिकली त्यानेच शोधली.

इथे संपली असती तर ही एलईडीच्या जाहिरातीची गोष्ट झाली असती.

खळ्यावर ट्रॉली खाली होते ती फाटकाजवळच्या कोपऱ्यात. सहावा दिवा त्या कोपऱ्यावर होता. आता ज्यांना मोंढा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिलावात भाव ठरतो तो ट्रॉलीच्या वरचा माल पाहून. पुढे खळ्यावर ट्रॉली रिकामी होऊ लागली की व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो, खाली माल हलका निघाला, दोनशे कमी करा. ठरलेला भाव असा मोडायचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माल निम्मा खाली पडलेला, ट्रॅक्टर भाड्याचा, घर तीस किलोमीटरवर आणि वेळ रात्रीची. शेतकरी म्हणतो, द्या काय द्यायचं ते. कधी खरंच खाली गोल्टी भरलेली असते, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण पिवळ्या अंधारात खरं काय आणि खोटं काय, हे ठरवणारा एकच असायचा आणि तो शेठच्या पगारावर होता.

नवे दिवे लागल्यावर आठ-दहा दिवसांनी शिऊरकडचा एक म्हातारा ट्रॉली घेऊन आला. अठ्ठावीस क्विंटल, भाव साडेअठराशे. सोबत कॉलेजात जाणारी नात. ट्रॉली निम्मी रिकामी झाली आणि शेठचा माणूस सवयीने म्हणाला, "आबा, खाली गोल्टी लागली. साडेसोळाशे होतील."

म्हातारा काही बोलणार तोच नात ढिगापाशी गेली. खालच्या मालातले पाच-सहा कांदे उचलले, वरच्या मालातले पाच-सहा उचलले आणि दिव्याखाली फरशीवर दोन ओळींत मांडले.

"यातली गोल्टी कोणती ते दाखवा बरं भाऊ."

हमाल थांबले. पलीकडे निवडणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. दिवा स्वच्छ होता आणि दोन्ही ओळी सारख्या होत्या. शेठचा माणूस शेठकडे पाहायला लागला. शेठ म्हणाला, "असू दे, साडेअठराशेच धर." छप्पन्नशे रुपयांचा फरक होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठने फर्मान काढलं, "तो फाटकाजवळचा दिवा उगाच जळतो. बंद ठेवा. बिल येतं."

वायरमन तेव्हा ऑफिसात पंखा लावत होता. तो भाबडा होता की बेरकी, मला ठरवता येत नाही. तो म्हणाला, "शेठ, एकशेवीस वॅट, सात तास. पाऊण युनिटपेक्षा थोडं जास्त. दिवसाला आठ रुपये वाचतील फक्त."

"आठ तर आठ. पैसा झाडाला लागतो का?"

दिवाणजींनी चष्मा पुसला आणि किर्दीत ओळ घातली: कोपऱ्यातला दिवा बंद, बचत रुपये ८. पुढे रोज ती ओळ लिहू लागले. त्यांनी उभ्या आयुष्यात शेठला उलटून उत्तर दिलं नव्हतं, वहीत मात्र जे घडेल ते लिहायचा त्यांना हक्क होता.

मोंढ्यात बातमी पसरायला पेपर लागत नाही. पूर्वी सगळं खळंच पिवळं होतं, तेव्हा अंधार कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. आता बाकीचं खळं लखलखतंय आणि जिथे आपली ट्रॉली खाली होते नेमका तिथेच काळोख, हे शेतकऱ्यांना बरोबर कळलं. एक-दोघांनी मोबाइलची बॅटरी लावून माल खाली केला. मग लिलावात नवाच प्रकार सुरू झाला. शेठची बोली सगळ्यात वर जायची आणि ट्रॉलीवर बसलेला शेतकरी मान हलवायचा, "द्यायचं नाही." कारण विचारलं तर सांगायचा नाही. दहा रुपये कमी घेऊन माल दुसऱ्या खळ्यावर जायचा. दिवाणजी ती ओळही लिहायचे: बोली लागली, माल आला नाही.

महिनाअखेरीस शेठने वही मागितली. दिवाणजींनी ती पुढे केली आणि पहिल्यांदाच स्वतःहून बोलले.

"कोपऱ्याच्या दिव्याची बचत दोनशे रुपये झाली, शेठ. पंचवीस दिवसांची."

"आणि हे काय?"

"परत गेलेल्या ट्रॉल्या. सतरा."

शेठ बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग त्याने पाठकोऱ्या पाकिटावर सतरा ट्रॉल्यांच्या नफ्याचा आकडा काढला, खोडला, पुन्हा काढला. तोच आला.

कोपऱ्यातला दिवा त्याच संध्याकाळी चालू झाला. शेठला उपरती झाली, तो साधू झाला, असं काही सांगायला मी बसलो नाही. भाव मोडायची इच्छा त्याच्या मनातून गेली की नाही, ते त्यालाच ठाऊक. त्या दिव्याखाली मोडता येईना, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं. हळूहळू ट्रॉल्या परत येऊ लागल्या. येणारा शेतकरी आधी वर दिव्याकडे पाहायचा आणि मग ट्रॅक्टर फाटकात घालायचा. खाली खरोखर गोल्टी भरून आणणारेही त्या उजेडात उघडे पडले आणि त्यांनी कुरकुर न करता कमी भाव घेतला. त्याही दोघा-तिघांची नावं आक्काला पाठ आहेत.

राहिले ते बायकांच्या रोजातून कापलेले चोवीसशे रुपये. सडका माल बायकांच्या नव्हे, दिव्याच्या चुकीने गेला होता, हे शेठने स्वतः बॅटरी बांधून पाहिलं होतं. आक्काने एकदा मागितले तेव्हा शेठ म्हणाला, बघू. दुसऱ्यांदा मागितले ते दिवाणजींसमोर, वही उघडी असताना. तेव्हा मिळाले. आठशे त्या आठवड्यात, सोळाशे पुढच्या.